कंपन्यांच्या ॲप स्पर्धा आणि स्वतंत्र डेव्हलपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्वतःची छोटी ॲप्स करते आणि त्यावरच घर चालतं. कॉलेजांचे टेक-फेस्ट सुरू झाले की मेलबॉक्स एकाच प्रकारच्या प्रश्नांनी भरतो: अमुक कंपनीची स्पर्धा आहे, उतरू का, नियमांत असं लिहिलंय, सही करू का. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही की सीए नाही. नियम वाचून आणि काही वेळा न वाचता पस्तावून जे कळलं, ते लिहिते आहे.

१. कंपन्या ॲप बनवण्याच्या स्पर्धा मुळात का भरवतात? त्यांना यातून काय मिळतं?

कंपनीकडे नवा फोन, नवं एपीआय (दुसऱ्यांच्या ॲप्सना तिची सेवा वापरू देणारा जोड) किंवा क्लाउड सेवा (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) असते आणि तिच्यावर चालणारं फारसं काही बाजारात नसतं. लोकांनी ती वस्तू घ्यावी तर ॲप्स हवीत, आणि ॲप्स यावीत तर लोकांनी वस्तू घेतलेली हवी. हा गुंता सोडवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्पर्धा.

याचं ठळक उदाहरण गूगलचं. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी एक कोटी डॉलरची ‘अँड्रॉइड डेव्हलपर चॅलेंज’ जाहीर केली. तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन दुकानात नव्हता. पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, विक्रीला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे पहिल्या स्पर्धेतल्या लोकांनी सगळं काम एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, कधी न पाहिलेल्या फोनसाठी केलं. फोन आला तेव्हा त्याच्यासाठीची ॲप्स आधीच लिहून झालेली होती.

याशिवाय कंपनीला नोकरीसाठी माणसं हेरता येतात, एपीआयमधले दोष फुकटात कळतात, प्रसिद्धी मिळते. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट जी कंपनी आपला फायदा नियमांतच उघड सांगते, तिच्याशी बोलणं सोपं जातं.

२. मग हे शोषण आहे का? सरळ हो की नाही ते सांगा.

सगळ्या स्पर्धांना मिळून एकच उत्तर देता येत नाही, पण एका स्पर्धेबद्दल नक्की देता येतं. त्यासाठी मी एकच कसोटी लावते: हरणाऱ्यांचं काय होतं?

विजेत्यांचं भलंच होतं. पोस्टरवर त्यांचेच फोटो असतात आणि नियमांची पहिली दोन पानंही त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात. पण शंभरातले सत्त्याण्णव हरणार असतात, आणि कंपनीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्यांचा कोड कुणाकडे राहतो? त्यांना तेच ॲप दुसरीकडे विकता येतं का? त्यांचं काम कुणी उघडून पाहिलं का? का हरलो, हे कळलं का? या चारही प्रश्नांची उत्तरं बरी असतील, तर बक्षीस लहान असलं तरी स्पर्धा न्याय्य. उत्तरं वाईट असतील, तर ती स्पर्धा म्हणजे फुकट करून घेतलेलं काम आहे, बक्षीस एक कोटीचं असलं तरी.

३. बक्षीस मोठं आहे. पण भाग घेणं परवडतं का, हे कसं काढायचं?

पहिलं बक्षीस किती, हा आकडा विसरा. सगळ्या बक्षिसांची बेरीज करा, तिला अपेक्षित प्रवेशिकांनी भागा, आणि आलेली रक्कम तुमच्या तासांच्या किमतीशेजारी ठेवा.

समजा शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनला (ठरावीक तासांत ॲप उभं करायच्या स्पर्धेला) १ लाख, ५० हजार आणि २५ हजार अशी बक्षिसं आहेत आणि ८० टीम येणार आहेत. बेरीज पावणेदोन लाख, टीममागे २,१८७ रुपये. चार जणांनी ३६ तास काम केलं तर १४४ तास होतात. फ्रीलान्सचा दर तासाला ६०० धरला तर ८६,४०० रुपयांचं काम. म्हणजे ८६ हजारांचं काम टाकून सरासरी सव्वादोन हजार हाती येणार.

आता मघाचीच गूगलची स्पर्धा घ्या. एक कोटी डॉलरपैकी निम्मे पहिल्या स्पर्धेसाठी होते. तिच्यात १,७८८ प्रवेशिका आल्या. पन्नास जणांना प्रत्येकी २५ हजार डॉलर मिळाले. त्यांतल्या दहांना पुढे प्रत्येकी २ लाख ७५ हजार आणि आणखी दहांना प्रत्येकी १ लाख. एकूण ५० लाख डॉलर, म्हणजे प्रवेशिकेमागे सुमारे २,८०० डॉलर. डॉलर तेव्हा चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणून एक लाख दहा हजार रुपये धरा. एकट्या माणसाने दोन-तीन महिने संध्याकाळी बसून केलेल्या कामाला २००८ साली हा सौदा वाईट नव्हता. तरीही ९७ टक्के लोकांच्या हाती एक पैसा आला नाही.

सरासरीत न येणाऱ्या गोष्टीही आहेत: नवं शिकणं, ओळखी, दाखवायला तयार ॲप. त्यांना किंमत आहे. फक्त ती किंमत तुम्ही ठरवा, आयोजकांना ठरवू देऊ नका. ‘एक्स्पोजर मिळेल’ असं आयोजक म्हणाले, तर किती लोकांसमोर आणि कुठल्या स्वरूपात, हे लेखी मागा.

४. स्पर्धेत ॲप दिलं की ते कंपनीचं होतं का?

आपोआप होत नाही. भारतीय कायद्यात सॉफ्टवेअर हे ‘साहित्यकृती’त मोडतं आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लिहिणारा पहिला मालक असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचं वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ नुसार ती लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. त्याच कलमात दोन उपयोगी तरतुदी आहेत, आणि त्या फारशा कुणाला ठाऊक नसतात: किती वर्षांसाठी दिली हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात.

अडचण अशी की कंपनीचे वकील हे सगळं जाणतात. म्हणून नियमांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द सापडतात. नोंदणीच्या फॉर्मवर तुम्ही टिक केली ती सही ठरते का, हा वाद कोर्टात जाऊ शकतो. पण कोर्टात जायची ताकद तुमच्यात किती आणि त्यांच्यात किती, हे आधी पाहा.

नियमांत दोन शब्द शोधा. ‘असाइन’ असेल तर मालकी जाते. ‘लायसन्स’ असेल तर मालकी तुमच्याकडे राहते आणि त्यांना वापरायची परवानगी मिळते. त्यानंतर पुढचा प्रश्न: हे फक्त विजेत्यांना लागू आहे की सगळ्या प्रवेशिकांना? विजेत्याने घसघशीत रक्कम घेऊन मालकी देणं हा व्यवहार झाला. हरलेल्या सगळ्यांची मालकी काहीही न देता घेणं, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असं कलम न वाचता एक ॲप दिलं होतं. बक्षीस मिळालं नाही. वर्षभराने तेच ॲप एका ग्राहकाला विकायला गेले, तेव्हा त्याच्या वकिलाने ते नियम माझ्यासमोर ठेवले. ते काम मला पहिल्यापासून पुन्हा लिहावं लागलं.

५. नियमांत ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह, पर्पेच्युअल, इररिव्होकेबल, रॉयल्टी-फ्री लायसन्स’ असं आहे. हे घातक आहे का?

एकेक शब्द सुटा करून पाहू. नॉन-एक्स्क्लुझिव्ह म्हणजे तुम्ही तेच ॲप दुसऱ्यालाही देऊ शकता. हा शब्द हवाच. पर्पेच्युअल म्हणजे कायमचं. इररिव्होकेबल म्हणजे दिलेली परवानगी परत घेता येणार नाही. रॉयल्टी-फ्री म्हणजे त्यांनी कितीही वापरलं तरी पैसे नाहीत.

सगळा फरक पडतो तो ‘कशासाठी’ या एका शब्दावर. ‘परीक्षण करण्यासाठी आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी’ असेल तर बिनधास्त द्या. ‘कोणत्याही व्यावसायिक कारणासाठी, फेरबदल आणि उप-परवान्यासह’ असेल तर कंपनी तुमचा कोड उद्या आपल्या उत्पादनात घालून विकू शकते, आणि तुम्ही काही म्हणू शकत नाही.

तुलनेसाठी नेटफ्लिक्सची २००६ ते २००९ ची दहा लाख डॉलरची स्पर्धा घ्या. ती ॲपची नव्हती, शिफारस करणाऱ्या अल्गोरिदमची होती. विजेत्याने आपली पद्धत जाहीर करायची आणि नेटफ्लिक्सला नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायसन्स द्यायचं, असा नियम होता. मालकी विजेत्याकडेच राहिली. इतक्या मोठ्या बक्षिसावरही एवढंच मागितलं होतं. मग पन्नास हजारांच्या हॅकेथॉनला सगळ्यांचं सगळं कशाला हवं असतं, हे आयोजकांना तोंडावर विचारा. मी विचारते. दोनदा कलम बदलूनही मिळालं आहे.

६. मी स्पर्धेत मांडलेली कल्पनाच कंपनीने नंतर स्वतःच्या ॲपमध्ये आणली. काही करता येईल का?

नुसत्या कल्पनेसाठी, खरं सांगायचं तर, फारसं नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. पेटंटचा रस्ताही अवघड, कारण पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. शिवाय बहुतेक नियमांत एक ओळ असतेच: ‘कंपनी अशाच प्रकारच्या उत्पादनावर स्वतंत्रपणे काम करत असू शकते.’ अनेकदा ते खरंही असतं.

तुमचा कोड, तुमची चित्रं, पडद्यांची मांडणी जशीच्या तशी उचलली असेल तर मात्र तक्रारीला जागा आहे. तेव्हा कामी येतो गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास, तारखांसकट. म्हणून रेपो (गिटमधला कोडचा साठा) पहिल्या तासापासून ठेवा आणि शेवटी एकच मोठी कमिट (नोंद) करू नका.

डेमो देताना काय झाकायचं तेही ठरवा. ॲपची खरी ताकद असलेला भाग तुमच्याच सर्व्हरवर ठेवला तर परीक्षकांना तो चालताना दिसतो, पण हाती लागत नाही. नियम पूर्ण सोर्स कोड मागत असतील तर हा मार्ग बंद होतो, आणि तेव्हा प्रश्न ४ ची कसोटी आणखी कडक लावा.

७. आधी लिहिलेला कोड स्पर्धेत वापरला तर चालतो का? सगळेच वापरतात म्हणे.

नियम काय म्हणतात ते पाहा, आणि नियम गप्प असतील तर आयोजकांकडून मेलवर उत्तर घ्या. तोंडी ‘चालेल हो’ नको.

या एका मुद्द्यावर किती मोठा गोंधळ होऊ शकतो ते नोव्हेंबर २०१३ मध्ये दिसलं. सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या ड्रीमफोर्स परिषदेत दहा लाख डॉलर बक्षिसाचं हॅकेथॉन भरवलं. हॅकेथॉनमध्ये एकाच टीमला दहा लाख, असं तोवर ऐकिवात नव्हतं. ‘अपशॉट’ नावाचं ॲप जिंकलं. लगेच दोन गोष्टी उघड झाल्या: टीममधला एक जण सेल्सफोर्सचा माजी कर्मचारी होता, आणि त्या ॲपचं प्रात्यक्षिक स्पर्धेआधीच झालेलं होतं. बाकीचे डेव्हलपर खवळले. त्यातच आपली ॲप्स परीक्षकांनी उघडूनही पाहिली नाहीत, अशी तक्रार अनेकांनी केली. कंपनीने चौकशी केली. नियमांत आधीचा कोड काही प्रमाणात चालत होता, त्यामुळे विजेते अपात्र ठरले नाहीत. पण नियम पुरेसे स्पष्ट नव्हते, हे कंपनीला मान्य करावं लागलं. शेवटी दोघांना समान विजेते ठरवून दुसऱ्या क्रमांकाच्या ‘हेल्थकेअर डॉट लव्ह’ या टीमलाही पूर्ण दहा लाख डॉलर दिले.

दुसरी टीम सुखी झाली. पण ज्यांनी ‘सगळं इथेच लिहायचं’ असं समजून रात्रभर जागून शून्यातून लिहिलं, त्यांचं काय? त्यांना काही मिळालं नाही. अन्याय झाला होता तो प्रामुख्याने त्यांच्यावर, आणि दुसऱ्या दहा लाखांनी तो भरून निघाला नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वाचा फोडणारे पहिले तुम्हीच व्हा. सबमिशनच्या रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या पानात) लिहा: हा भाग आधीचा, हा भाग स्पर्धेत लिहिलेला. नंतर कुणी बोट दाखवलं तर ते पान तुमची बाजू मांडेल.

८. निकाल आधीच ठरलेला असतो का? परीक्षण खरंच होतं का?

ठरलेला असतो, असं मी सरसकट म्हणणार नाही. घाईघाईने लागतो, हे मात्र खूपदा पाहिलं आहे. शंभर ॲप्स, पाच परीक्षक, दोन तास. मग तीन मिनिटांचा डेमो उरतो, आणि जो छान बोलतो तो जिंकतो.

मोजता येणारा निकष असला की वाद कमी होतात, संपत मात्र नाहीत. नेटफ्लिक्सच्या स्पर्धेत ४० हजारांहून अधिक टीम होत्या, आणि शेवटी दोन टीमचे गुण चार दशांश स्थळांपर्यंत सारखे आले. बक्षीस गेलं ते वीस मिनिटं आधी सबमिट करणाऱ्या टीमला. हरलेल्यांना वाईट वाटलंच, पण ‘सारखे गुण आल्यास आधी देणारा जिंकेल’ हा नियम आधीच लिहिलेला होता. फसवणूक झाली असं त्यांना म्हणता आलं नाही.

लोकांच्या मतांवर किंवा डाउनलोडवर निकाल ठेवणाऱ्या स्पर्धांपासून मी स्वतः लांब राहते. पाम या फोन कंपनीने २०१० मध्ये आपल्या वेबओएस या फोन-प्रणालीसाठी डाउनलोड आणि विक्रीवर आधारित दहा लाख डॉलरचा असा कार्यक्रम केला होता. अशा ठिकाणी ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे आहेत किंवा ओळखीचे गट मोठे आहेत, तो पुढे जातो. एकटा डेव्हलपर नातेवाइकांना फोन करत बसतो.

उतरण्याआधी विचारायचं ते एवढंच: परीक्षक कोण, निकषांना किती गुण, आणि गुणपत्रक मिळेल का.

९. आमच्यासारख्या दोघा-तिघांच्या टीमसमोर मोठ्या कंपन्याही उतरतात. हे चालतं?

नियमांत बसतं, पण बरोबरीचं होत नाही. ४ जुलै २०२० ला केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आत्मनिर्भर भारत ॲप इनोव्हेशन चॅलेंजला ६,९४० प्रवेशिका आल्या. प्रत्येक गटात २०, १५ आणि १० लाखांची बक्षिसं होती. विजेत्यांच्या यादीत लहान स्टार्टअप होते तशी हजारो कर्मचाऱ्यांची झोहोही होती. झोहोची उत्पादनं चांगलीच आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. तयार असलेली चांगली भारतीय ॲप्स शोधणं हा त्या फेरीचा हेतू होता आणि त्या हेतूला ते धरूनच होतं. पण एकट्याने काम करणाऱ्याने त्या मैदानात उतरताना समोर कोण आहे ते ओळखून उतरावं.

कर्मचारी संख्या किंवा उलाढाल यांवरून गट पाडलेली स्पर्धा मिळाली तर तिला पसंती द्या.

१०. काही स्पर्धकांना एपीआय आणि टूल्स आधी मिळाली. हा पक्षपात नाही का?

आहे, आणि याचे परिणाम स्पर्धा संपल्यावरही राहतात. पुन्हा अँड्रॉइडच्याच पहिल्या स्पर्धेकडे जाऊ. पन्नास जण दुसऱ्या फेरीत गेल्यावर गूगलने नव्या एसडीकेच्या (ॲप लिहायला लागणाऱ्या साधनांच्या संचाच्या) आवृत्त्या फक्त त्यांनाच, गुप्ततेच्या करारावर, द्यायला सुरुवात केली. बाकी सगळे मार्चपासून त्याच जुन्या एसडीकेवर अडलेले. जुलै २००८ मध्ये त्या पन्नासांसाठीचा मेल चुकून सर्वसाधारण यादीवर गेला आणि हे सगळ्यांना कळलं. लोक भयंकर संतापले. सर्वांसाठी ०.९ बीटा (चाचणी आवृत्ती) आली ती १८ ऑगस्टला.

कुणी म्हणेल, बाकीचे तर स्पर्धेतून बाद झालेच होते, त्यांचं काय बिघडलं? बिघडलं ते असं: दोन महिन्यांत फोन येणार होता आणि ॲपचा बाजार उघडणार होता. त्या बाजारात हेच बाद झालेले लोक त्या पन्नासांशेजारी दुकान मांडणार होते. पन्नासांना बक्षिसाबरोबर काही आठवड्यांची आघाडीही मिळाली, आणि ती बक्षीस म्हणून कुठे जाहीर झालेली नव्हती. स्पर्धेपुरतं बक्षीस द्यावं. सगळ्यांना लागणारी हत्यारं काही जणांनाच देऊ नयेत.

हॅकेथॉनमध्ये हे छोट्या प्रमाणात घडतं: एखाद्या टीमचा मेंटर स्पॉन्सर कंपनीचा इंजिनिअर निघतो. त्याच क्षणी आयोजकांना सांगा, निकालानंतर नको.

११. जागतिक स्पर्धा असं म्हणतात, पण भारतीयांना घेतात का?

बहुतेक वेळा घेतात. पात्रतेचं कलम तेवढं वाचा, कारण बक्षिसांच्या स्पर्धांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि वकील कटकटीची ठिकाणं सरळ वगळतात. अँड्रॉइडच्या पहिल्या स्पर्धेतून इराण, क्युबा यांच्याबरोबर इटली आणि कॅनडातला क्विबेक प्रांतही वगळला होता. भारतात राहणाऱ्याला चालतं पण परदेशात राहणाऱ्या मराठी मित्राला चालत नाही, असं होऊ शकतं. पात्रता राहण्याच्या ठिकाणावर आहे की नागरिकत्वावर, ते टीममधल्या प्रत्येकासाठी तपासा.

१२. मी आयटी कंपनीत नोकरी करतो. रात्री घरी बसून स्पर्धेसाठी ॲप केलं तर?

आधी स्वतःचं नियुक्तीपत्र काढा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, उलट करार नसेल तर, मालकाकडे जाते हे कायद्यातच आहे. घरच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या वेळात, वेगळ्या विषयावर केलेलं काम सहसा त्यात येत नाही. पण कित्येक कंपन्यांच्या पत्रांत ‘नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व’ अशी सैल ओळ असते. त्यावर तुम्ही सही केलेली आहे.

आणि स्पर्धेच्या फॉर्मवर तुम्ही ‘हे काम पूर्णपणे माझं आहे’ असं लिहून देता. ते खोटं ठरलं तर दोन्हीकडून अडकाल. एचआरकडून एका ओळीचा लेखी होकार घ्या. लाजायचं कारण नाही. नकार आला तरी तो स्पर्धेआधी आलेला बरा.

१३. ओपन सोर्स लायब्ररी वापरल्या तर?

एमआयटी किंवा अपाचे लायसन्सची लायब्ररी असेल तर श्रेय आणि लायसन्सची प्रत ठेवा, झालं. जीपीएलची असेल (म्हणजे तिच्यावर बांधलेलं ॲप वाटायचं तर त्याच खुल्या अटींवर वाटावं लागतं) आणि स्पर्धा संपूर्ण मालकी मागत असेल, तर तुमच्याकडे नसलेली गोष्ट तुम्ही देऊ शकत नाही. दुसरी लायब्ररी शोधा किंवा ती स्पर्धा सोडा.

१४. आम्ही चौघे होतो. एकाने परस्पर ॲप स्पर्धेला दिलं किंवा जिंकल्यावर टीम फुटली. मालकी कुणाची?

चौघांचं काम वेगळं काढता येत नसेल तर चौघे सहलेखक. अशा वेळी एकट्याने सगळ्यांच्या वतीने हक्क देणं टिकत नाही. चित्रपटाच्या सहमालकांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये असंच धरलं, की एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही.

पण मित्रांनी मित्रांवर खटले घालावेत अशी वेळ येऊच नये. नोंदणी करण्याआधी चौघांनी एक पान लिहा: बक्षिसाची वाटणी, जिंकलो नाही तर कोड कुणी वापरायचा, एकाला पुढे न्यायचं असेल तर बाकीच्यांना काय. चहाच्या टपरीवर वीस मिनिटांत होतं. सगळ्यांनी सही करून फोटो काढून ठेवा.

१५. बक्षिसावर कर किती? आणि रोख रकमेऐवजी क्लाउड क्रेडिट (फक्त त्या कंपनीच्या क्लाउड सेवेवर खर्चता येणारी रक्कम) दिलं तर?

स्पर्धांमध्ये जिंकलेल्या रकमेवर आयोजक सहसा ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे देतात. ती रक्कम ‘जिंकलेली’ धरली तर खर्चाची वजावट मिळत नाही आणि तुमचं एकूण उत्पन्न कमी असलं तरी दर तोच राहतो. व्यावसायिक कौशल्याच्या कामाचा मोबदला म्हणून ती धंद्याच्या उत्पन्नात दाखवता येईल का, हे स्पर्धेच्या स्वरूपावर ठरतं, म्हणून नियमांची प्रत घेऊनच सीएकडे जा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे जुने क्रमांक सांगणारे लेख वाचून गोंधळू नका. अमेरिकी आयोजक असेल तर तो डब्ल्यू-८बीईएन हा (आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत असं सांगणारा) फॉर्म मागेल. ती फसवणूक नाही, नेहमीची पद्धत आहे.

क्रेडिटचं मात्र स्पष्ट सांगते: ‘पाच लाखांची बक्षिसं’ यातले चार लाख क्रेडिटचे असतील, तर प्रश्न ३ च्या हिशेबात ते शून्य धरा. त्यांची मुदत संपते, ती विकता येत नाहीत, आणि त्यांमुळे तुम्ही त्याच कंपनीच्या सेवेला बांधले जाता. वस्तूच्या रूपातल्या बक्षिसावर कर तुम्हालाच आधी भरायला सांगू शकतात, हेही लक्षात असू द्या.

१६. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, ॲप तिने एकटीने केलंय. तिला भाग घेता येईल?

आयोजकांनी वयाची अट ठेवली नसेल तर येईल. पण भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. म्हणून नीट चालवलेली स्पर्धा पालकांची सही मागते. सही करण्याआधी प्रश्न ४ आणि ५ तुम्ही वाचा, आणि तिलाही वाचायला द्या. काम तिचं आहे, कसल्या कागदावर सही होते आहे ते तिला कळायला हवं. वयाची अट असूनही वडिलांच्या नावाने प्रवेशिका भरू नका. निकालानंतर उघड झालं तर बक्षीस जातंच, आणि ते त्या मुलीच्या मनाला फार लागतं.

१७. ज्या प्लॅटफॉर्मसाठी ॲप लिहिलं तोच बंद पडला. आता?

हे फार जणांचं झालं आहे. जानेवारी २०१३ मध्ये ब्लॅकबेरीने नव्या फोनसाठी मंजूर ॲपमागे १०० डॉलर देऊ केले, आणि साडेसदतीस तासांत १५ हजार ॲप्स आली. ब्लॅकबेरीचं ॲप दुकान २०१९ च्या शेवटी बंद झालं. वर सांगितलेल्या पामच्या स्पर्धेनंतर वर्ष-सव्वा वर्षातच, ऑगस्ट २०११ मध्ये, पामला विकत घेतलेल्या एचपीने वेबओएसची उपकरणं गुंडाळली. ज्या कंपनीचं मैदान रिकामं असतं तीच मोठी बक्षिसं लावते, हे प्रश्न १ मध्ये आलंच. त्यामुळे ही जोखीम स्पर्धेच्या स्वभावातच आहे. ॲपचा गाभा प्लॅटफॉर्मपासून वेगळा लिहा, आणि त्या एसडीकेशी बांधलेला भाग पातळ ठेवा.

१८. आयोजकांनी मध्येच नियम बदलले किंवा जिंकूनही बक्षीस दिलं नाही. कुठे जायचं?

बक्षीस जाहीर करणं हा सर्वांना उद्देशून केलेला प्रस्ताव असतो, आणि अटी पूर्ण करणं हा त्याचा स्वीकार, असं करार कायद्याचं कलम ८ म्हणतं. तेव्हा तुमच्या बाजूला कायदा आहे. अडतं ते पुराव्यावर. नियमांचं पान नोंदणीच्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा, कारण वाद झाला की ते पान बदललेलं सापडतं. ‘कोणत्याही क्षणी नियम बदलण्याचा हक्क राखून ठेवत आहोत’ ही ओळ सगळीकडे असते. ती असली तरी निकालानंतर बक्षीस कमी करणं सहजासहजी पचत नाही.

आधी तारीखवार लेखी मेल, मग वकिलाची नोटीस. बहुतेक प्रकरणं नोटिशीला मिटतात. स्पॉन्सर वेगळा आणि आयोजक वेगळा असेल तर मेल दोघांनाही टाका. हॅकेथॉन भरवणाऱ्या एजन्सीने पैसे दाबले आहेत हे स्पॉन्सरला कळतही नाही, असं माझ्या ओळखीत घडलं आहे.

१९. आमची कोल्हापुरात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. आम्हालाच एक स्पर्धा भरवायची आहे. नियम कसे लिहू?

हा प्रश्न आला की मला मनापासून बरं वाटतं. पैसे थोडे असतील तर टप्प्यांत वाटा. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या ॲपसाठी केंद्राने २०२० मध्ये घेतलेल्या स्पर्धेत आधी कल्पना मागवल्या आणि निवडक टीमना नमुना बनवण्यासाठीच पैसे दिले. शेवटचे एक कोटी केरळातल्या आलप्पुळच्या टेकजेन्शिया या छोट्या कंपनीला मिळाले. मोठं काम सुरू होण्याआधी गळती झाल्यामुळे बाकीच्यांचे महिने वाया गेले नाहीत. तुमच्याकडे दोन लाख असतील तर दहा टीमना नमुन्यासाठी दहा-दहा हजार द्या आणि उरलेल्या एक लाखाची बक्षिसं ठेवा.

आधीचा कोड चालेल की नाही ते उदाहरणासकट लिहा. सारखे गुण आल्यास काय, ते लिहा. प्रत्येक ॲपला किती मिनिटं देणार ते ठरवा आणि तेवढ्याच प्रवेशिका घ्या. प्रत्येक टीमला गुणपत्रक आणि परीक्षकाच्या चार ओळी पाठवा. हरून घरी जाणाऱ्याला त्या चार ओळींचा फार आधार असतो, अनुभवाने सांगते.

आणि मालकीचं कलम हवं असेल तर हे जसंच्या तसं घ्या: ‘स्पर्धेसाठी दिलेल्या ॲपचे सर्व हक्क ते बनवणाऱ्यांकडेच राहतील. आम्ही ते फक्त परीक्षणासाठी चालवून पाहू. बक्षीस न मिळालेल्या प्रवेशिकांचा कोड निकालानंतर ३० दिवसांत आम्ही पुसून टाकू, परीक्षकांच्या लॅपटॉपवरच्या प्रतींसह, आणि तसं प्रत्येक टीमला मेलने कळवू.’